दोघांत एक प्लग

फोटोफ्रेमवाल्याच्या पोटात दुखायला लागलं ते एका पांढऱ्या ठोकळ्यामुळे. त्याची बायको चष्म्याच्या काचांच्या कारखान्यात तपासनीस. नवीन मशीन शिकायला कंपनी तिला महिनाभर परदेशी पाठवत होती, आणि सोबत कोण, तर मशीन विभागाचा मेकॅनिक. उंचापुरा, हसरा, तिकडे अनेकदा जाऊन आलेला.

"तिकडचे प्लग वेगळे असतात, म्हणून त्यांनी हा अडॅप्टर दिलाय," बायको जेवताना पांढरा ठोकळा दाखवत म्हणाली. "नाहीतर फोनसुद्धा चार्ज होत नाही म्हणे."

झालं. याच्या घशाखाली घास उतरेना. बायको आपली, फोन आपला, आणि काळजी त्या लंबूने करायची?

दुसऱ्या दिवशी हातातली काच अर्धवट कापून तशीच ठेवली आणि गडी विजेच्या सामानाच्या दुकानात हजर. दुकानदाराने देश विचारला आणि काउंटरवर मांडामांड केली. चपट्या पिनांचे, गोल पिनांचे, तीन जाड पिनांचे.

"तिकडे बहुतेक गोल पिना लागतात," दुकानदार म्हणाला. "पण एकदा घरी विचारून या."

घरी विचारायचं म्हणजे बायकोला, आणि बायको विचारणार लंबूला. शिवाय लंबूचा ठोकळाही गोल पिनांचाच होता. त्याच्यासारखाच न्यायचा, तर आपलं त्यात काय राहिलं? याने तीन जाड पिनांचा उचलला, सगळ्यांत जड आणि सगळ्यांत महाग.

"मला माहीत आहे," तो म्हणाला. माहीत कसलं, डोंबल.

बायकोने अडॅप्टर हातात घेऊन उलटापालटा करून पाहिला. "हा वेगळाच दिसतोय. चालेल ना तिथे?"

"विचारून आणलाय," याने ठोकून दिलं. ती खूश झाली, हे मात्र खरं.

निघायच्या दिवशी ती आंघोळीला गेल्यावर याने बॅग उघडली. आत दोन्ही ठोकळे शेजारी शेजारी, अगदी खेटून. याच्या अंगाचा तिळपापड झाला. पांढरा काढून त्याने घरात कोपऱ्यात ठेवलेल्या फ्रेमच्या पट्ट्यांमागे सारला, बॅगेची चेन ओढली आणि पेपर वाचत बसला.

पोचल्याचा फोन आला, मग दोन दिवस काहीच नाही. याने आपल्या दुकानात कुणाच्या तरी लग्नाच्या फोटोला चौकट उलटी ठोकली. शेवटी तो घरी असताना एकदाची तिची रिंग वाजली.

"अरे, तुझा अडॅप्टर इथे बसतच नाही. आणि त्यांचाही सापडेना. तू आणलास म्हणून मी त्यांचा त्यांना विमानतळावर परत देणार होते. त्यांच्याकडे तेवढा एकच होता, आता त्यांचेही हाल. घरी राहिलाय का बघ ना."

पट्ट्यांच्या फटीतून पांढरा ठोकळा स्पष्ट दिसत होता.

"नाही गं," तो म्हणाला. "इथे कुठे दिसत नाही."

"मग मीच पाडला कुठेतरी. दुकानं लांब, आम्ही सुटेपर्यंत बंद होतात. हॉटेलात एकच अडॅप्टर आहे, तोही खाली काउंटरपाशी, खोलीत नेऊ देत नाहीत. मग रोज संध्याकाळी आम्ही दोघं तिथेच सोफ्यावर बसतो. आधी माझा फोन, मग त्यांचा. तोवर गप्पा. मला वाटायचं, हा माणूस शिष्ट असेल. फार गमतीशीर आहे रे."

मागे कुणीतरी काहीतरी म्हणालं आणि ती खळखळून हसली. घरी ती अशी हसून किती दिवस झाले, ते याला आठवेना.

"चल, ठेवते," ती म्हणाली. "आता त्यांचा नंबर आहे."