अ‍ॅक्सिलरेटर दाबला की

बाबा पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले ते कानांची ख्याती मागे ठेवून. रस्त्यावर लोखंडी कांब टेकवायची, तिचं दुसरं टोक कानाला लावायचं आणि जमिनीखाली नळ कुठे गळतोय ते सांगायचं, हे त्यांचं काम. त्यांनी खडूने खूण केली की कामगार तिथेच खोदत. त्यामुळे गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर दाबला की 'चुईं' असा आवाज येतो, हे सांगितल्यावर घरात कोणी शंका घेईल असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

शंका मुलीने घेतली. ती एकटीच गाडी घेऊन चौकाला वळसा घालून आली आणि किल्ली स्वतःच्या हातात ठेवूनच म्हणाली, "बाबा, गाडीत काही नाही. कानात असेल."

"माझ्या कानात?"

"या वयात होतं. गेल्या महिन्यात तुम्हाला फाटकाचा खांब दिसला नाही. आता नसलेला आवाज ऐकू येतोय."

"खांब दिसला होता. तो मध्ये आला."

"खांब?"

बाबांनी साक्षीदार बोलावला. "अगं, तू सांग हिला. रोज शेजारी बसतेस. येतो की नाही आवाज?"

आई कपड्यांच्या घड्या घालत होती. "मला आवाज ऐकायला फुरसत कुठे असते? माझं सगळं लक्ष समोरच्या ट्रककडे."

साक्षीदार कामाचा नव्हता. शेवटी करार झाला. मेकॅनिकला आवाज ऐकू आला, तर किल्ली बाबांकडे. नाही आला, तर कानाच्या डॉक्टरकडे जायचं आणि गाडी विकून टाकायची. मुलीने हे शांतपणे सांगितलं. बाबांनीही शांतपणे ऐकलं, पण त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. कधी भावाकडे, कधी बाजारात, कधी उगाच नदीपर्यंत, आणि तेही कोणाला 'सोडतोस का रे' असं न विचारता, हे सगळं त्या किल्लीला लटकलेलं होतं.

मेकॅनिक आवाजांसाठी प्रसिद्ध होता. इंजिन उघडणारे गल्लीत पुष्कळ होते; कुरकुर, खडखड, घरघर अशा तक्रारी मात्र याच्याकडे येत. त्याचा एक नियम होता. आवाज शोधताना गाडीत तो एकटा. "मालक शेजारी बसला की गाडी गप्प राहते आणि मालक बोलतो," असं तो म्हणे.

तिघं गाडी घेऊन त्याच्याकडे गेले. त्याने ड्रायव्हरच्या पायाखालची चटई काढली. पेडलच्या बिजागरीवर फवारा मारला, स्प्रिंग चाचपली, मग एकटाच फेरी मारून आला.

"काका, पेडल लोण्यासारखं चालतंय."

"द्या इकडे. अगं, बस." बाबांनी आईला घेऊन फेरी मारली आणि उजळल्या चेहऱ्याने परत आले. "येतोय! कोपऱ्यापर्यंत सतत येत होता!"

मेकॅनिकने आईला उतरवलं, नियमाप्रमाणे एकटा गेला आणि मान हलवत परतला. बाबा पुन्हा आईला घेऊन गेले. आवाज आला. मेकॅनिक पुन्हा एकटा गेला. गाडी मुकी. मुलगी टायरांच्या चळतीला टेकून उभी होती. तिने फोन काढला आणि कानाच्या डॉक्टरचा नंबर शोधायला घेतला.

बाबा तिसऱ्यांदा आईला घेऊन फिरून आले. "आता उतरा काकू," मेकॅनिक म्हणाला.

"मुळीच नाही. चढून उतरून माझ्या गुडघ्यांचा पार भुगा झाला. तुला एकट्याने जायचं तर पायी जा."

नियम होता, पण काकू त्याहून ठाम होत्या. मेकॅनिक आईला घेऊनच निघाला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा पडला होता.

"काका, आवाज आहे."

"ऐकलंस?" बाबा मुलीकडे वळले. "ऐकलंस ना?"

"पण पेडलमध्ये नाही. दोघं मागे बसा, दाखवतो."

उभ्या गाडीत त्याने अ‍ॅक्सिलरेटर दाबला. काही नाही. मग गाडी रस्त्यावर घेऊन वेग वाढवला. चुईं. मुलीनेही स्पष्ट ऐकलं. पुन्हा वेग वाढवला. चुईं.

"काकू, जरा उजवा पाय बघू."

सगळे वाकले. आईचा उजवा पाय समोरच्या कार्पेटमध्ये टाचेपर्यंत रुतला होता.

"मी काय केलं?"

"तुम्ही ब्रेक दाबताय."

"मग? कोणीतरी दाबायला नको?"

मेकॅनिकने गाडी कडेला घेऊन कार्पेट उचललं. खाली फोमचा ठोकळा सैल पडला होता. पाय दाबला की तो पत्र्याला घासत होता. "कार्पेट कोणी काढलं होतं का?"

"दूध सांडलं तेव्हा मीच धुतलं होतं," मुलगी हळूच म्हणाली. पण ती हार मानणाऱ्यातली नव्हती. "कान चांगले आहेत, मान्य. पण आई प्रत्येक वेळी ब्रेक दाबते म्हणजे चालवण्यातच खोट आहे ना? मग किल्लीचं काय?"

बाबांचा चेहरा उतरला. कानांनी जिंकलेला खटला पायाने हरवला होता, आणि तेही बायकोच्या.

आईने मागे वळून मुलीकडे पाहिलं. "तू बस इथे. तू चालव."

मेकॅनिक मागे गेला, मुलगी पुढे आली. गाडी जेमतेम हलली असेल. चुईं. दुसरा गिअर पडायच्या आत चुईं, चुईं.

"आई!"

"काय आई! तू तर यांच्यापेक्षा जोरात नेतेस. आणि हे आजचं आहे का? लग्न झालं तेव्हापासून दाबतेय. स्कूटर होती तेव्हा चपलांचे तळवे झिजायचे."

"मला वाटायचं तुझी चालच तशी आहे," बाबा म्हणाले.

मुलीने गॅरेजपाशी गाडी थांबवली, किल्ली काढली, क्षणभर हातात धरली आणि मागे वळून बाबांच्या तळहातावर ठेवली. "पण खांबापासून लांबून चालवा."

मेकॅनिक ठोकळा पक्का बसवायला वाकला, तेव्हा आईने बजावलं, "आवाज बंद कर, पण दाबायला जागा राहू दे."

घरी जाताना बाबांनी गाडी चालवली. कोपऱ्यावर वेग वाढवला. आवाज नाही. पुढच्या सरळ रस्त्यावर आणखी वाढवला. आवाज नाहीच. त्यांना चैन पडेना. त्यांनी पाय जरा सैल केला आणि शेजारी पाहिलं.

"अगं, दाबतेयस ना?"

"दाबतेय हो. तुम्ही समोर बघा."