वाढत्या अंगाचं माप

मागच्या नाताळात हेडसर येशूबाळावर बसले.

सर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक आणि आमच्या चर्चच्या समितीचे अध्यक्ष. खुर्चीवर काय ठेवलंय हे न बघता बसणं हा त्यांचा हुद्द्याने आलेला हक्क. वर्तमानपत्राच्या पुडक्यातून ‘कट्‌’ असा आवाज आला आणि आठ इंची प्लास्टरच्या बाळाचे तीन तुकडे झाले. सरांनी उठून पँट झटकली आणि चौकशीचा निष्कर्ष जागच्या जागी जाहीर केला, "बाळ खुर्चीवर ठेवायचं नसतं."

ठेवलं होतं टेलरकाकांनी. ख्रिस्तजन्माचा देखावा, म्हणजे गोठा, गवत, मरीया, योसेफ, मेंढपाळ आणि बैल, गेली बावीस वर्षं काकाच मांडत. त्या कपाटाची किल्ली त्यांच्याच खिशात असे. त्यात सर त्यांचे व्याही. सरांची मुलगी काकांच्या घरात सून. म्हणजे चर्चमध्ये झालेली चूक घरी ताटात पुन्हा वाढली जाणार, हे ठरलेलंच.

"येत्या नाताळाला नवं बाळ धड आलं नाही," सरांनी बजावलं, "तर किल्ली माझ्याकडे."

काका नुसते हसले. अडतीस वर्षं ते लोकांची मापं घेत होते.

त्यांनी तुकडे कटिंगच्या टेबलावर जुळवले, टेप लावली. आठ इंच. वहीत लिहिलं बारा. त्यात हाताचा दोष होता, डोक्याचा नव्हता. लहान मुलाचं माप आलं की हात आपोआप चार इंच जास्त लिही, वाढतं अंग. आणि हे तर एका दिवसाचं बाळ.

सुताराकडे फोन केला, तो सुताराच्या बायकोने घेतला. गिऱ्हाईक आधी कमी सांगतं आणि मग कुरकुरतं, असा तिचा अनुभव. तिने कागदावर सोळा लिहिलं. सुताराने तासण्यात जाईल म्हणून आणखी चार धरले आणि ओंडका कापला. लाकूड इतकं गुणी निघालं की तासण्यात काही गेलंच नाही.

नाताळच्या आदल्या सकाळी सुतार बाळ खांद्यावर टाकून घेऊन आला.

गव्हाणीत ते मावेना. डोकं आत घेतलं तर पाय मेंढपाळाच्या पोटात. गुडघ्यांवर बसलेली मरीया दहा इंच, योसेफ चौदा, बाळ वीस. योसेफाच्या चेहऱ्यावरचा अचंबा पहिल्यांदाच पटण्यासारखा वाटला. काकांनी हौसेने शिवलेलं बारा इंची दुपटं बाळाच्या छातीवर लाळेरं होऊन बसलं होतं.

"व्याहीबुवा," सर म्हणाले, "हे बाळ आहे की पैलवान? आता यानेच आईला मांडीवर घ्यायचं का?"

"मी बाराच सांगितलं होतं."

"जुनं आठचं होतं!"

"अंग वाढतं ना हो."

"प्लास्टरचं?"

फादर हातातले कागद सारखे करत म्हणाले, "माझं प्रवचन टाइप होऊन आलंय. देव आपल्यासाठी किती लहान झाला, असा विषय आहे." त्यांनी बाळाकडे पाहिलं. "चार पानं आहेत."

सरांनी सूत्रं हाती घेतली. आधी म्हणाले, गुडघ्यापासून आरी चालवा. सुताराने आरी पाठीमागे लपवली. मग म्हणाले, लांबच्या वस्तू लहान दिसतात, तेव्हा बाकीच्यांना मागे सारा. मरीया आणि योसेफ दाराशी गेले. आता आईबाप मूल टाकून परगावी निघाल्यासारखे दिसू लागले.

"झालं?" असं म्हणून सरांनी हात पुढे केला.

काकांनी खिशातून किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली. बावीस वर्षांत ती गुळगुळीत झाली होती.

"माझं माप चुकलं," ते म्हणाले. हे वाक्य त्यांनी अडतीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाला ऐकवलं नव्हतं. गिऱ्हाईकच जाडं झालेलं असायचं.

तेवढ्यात प्रसूतिगृहातली नर्सबाई आली. ड्यूटी संपवून थेट गाण्याच्या तालमीला. तिने सवयीने बाळ उचललं, मानेखाली हात धरला, काकांच्या गळ्यातली टेप ओढून टाचेपासून टाळूपर्यंत लावली.

"वीस इंच. भरल्या दिवसांचं. छान आहे की! मग रडताय कशाला?"

"बाई, हे चुकीच्या मापाचं आहे," सर म्हणाले.

"सर, रोज चार-पाच बघते मी. तुमच्या अख्ख्या गोठ्यात मापाचं हे एवढंच आहे. बाकीचे बुटके आहेत."

फादरनी हळूच विचारलं, "मग याच्या मापाची आई कुठून आणायची?"

नर्सबाईने टेलरकाकूंकडे बोट दाखवलं. काकू फुलदाण्या पुसत होत्या.

"मी? अहो, माझे गुडघे!"

"स्टूल देतो," काका म्हणाले.

योसेफ सुतारच झाला; मूळचा योसेफही सुतारच, त्यामुळे त्याला वेगळं काही शिकवावं लागलं नाही. मेंढपाळ काका. सर घसा खाकरून म्हणाले, "मी पूर्वेकडून आलेला ज्ञानी पुरुष होईन."

"ज्ञानी पुरुष बाळाच्या दर्शनाला सहा जानेवारीला येतात, सर," फादर म्हणाले. "आज फक्त बैलाची जागा रिकामी आहे."

नाताळच्या सकाळी मिस्सेच्या प्रार्थनेला लोक आले, तेव्हा काकू स्टुलावर बाळ घेऊन बसल्या होत्या आणि समितीचे अध्यक्ष गवतात ओणवे होते. लोक आधी खुसखुसले. मग एक म्हातारी पुढे झाली, तिने बाळ मागितलं. पाठोपाठ रांग लागली. गंमत म्हणजे लाकडाचं बाळ घेतानाही प्रत्येकाचा हात न सांगता मानेखाली जाई. ज्या दोन जावा वर्षभर एकमेकींशी बोलत नव्हत्या, त्यातली एक दुसरीला म्हणाली, "नीट धर."

फादरनी चार पानं घडी करून खिशात घातली. म्हणाले, "आजवर आपण देव आठ इंचांचा ठेवला आणि बाहेर उभं राहून बघितला. या वर्षी तो आपल्या मापाचा आला, म्हणून आपल्याला आत जावं लागलं. नाताळ एवढाच आहे. सर, अजून पाच मिनिटं."

मिस्सा संपली तरी सरांना उठता येईना. काकांनी हात दिला. सरांनी कण्हत खिशातून किल्ली काढली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली.

"तुमच्याकडेच असू द्या. बैलाला टोचते." मग आवाज खाली करून म्हणाले, "तुमच्या सूनबाईपुढे बैलाचा विषय नको."

"आणि मापाचा?"

"तोही नको."

दुपारी काका नवं दुपटं शिवायला बसले. टेप लावली. वीस इंच. वहीत लिहिलं चोवीस.

"अहो, लाकडाचं आहे ते," काकू म्हणाल्या.

"असू दे," काकांनी मशीनचं पायडल दाबलं. "वाढतं अंग आहे."