मांजर न आवडणाऱ्या घरचा बोका

मी साखरभात बोलतोय. ताटातला नव्हे, सातव्या मजल्यावरचा. मी एक बोका आहे. रंगाने केशरी, त्यात मध्येमध्ये पांढरे ठिपके, म्हणून श्रद्धाने मला हे नाव ठेवलं. दवाखान्यातल्या फाइलवरही तेच लिहिलंय. तिथे माझं नाव पुकारलं की बाकावरची माणसं हसतात आणि त्यांची कुत्री उगाचच शेपट्या हलवतात.

आधीच सांगतो, ज्यांना मांजरं फार आवडतात त्यांनी हे वाचलं नाही तरी चालेल. मला बोलायचंय ते मांजर अजिबात न आवडणाऱ्यांशी. पुण्यात असे लोक भरपूर आहेत, असा माझा अनुभव आहे.

माझा जन्म हडपसरचा. पूर्वी जिथे भाजीची वावरं होती, तिथे आता कंपन्यांत काम करणाऱ्यांच्या सातमजली इमारती उभ्या आहेत. त्यांतल्याच एकीच्या पार्किंगमध्ये, पंपाच्या खोलीमागे, आम्ही तीन भावंडं जन्माला आलो. सकाळी आठ वाजले की लिफ्टमधून माणसं भराभरा बाहेर पडायची. प्रत्येकाच्या गळ्यात पट्टा आणि पट्ट्याला स्वतःचाच फोटो. मला वाटायचं, ही पाळलेली माणसं असणार. हरवलीच तर मालकाकडे परत पोचवायला सोपं जावं म्हणून फोटो लावला असेल. संध्याकाळी ती परत यायची तेव्हा पट्टे खिशात कोंबलेले असायचे आणि चेहरे जरा बरे दिसायचे.

वॉचमन रामदास आईसाठी रोज एका स्टीलच्या वाटीत दूधपोळी ठेवायचा. आईचं खाणं झालं की आम्ही वाटी चाटायचो. एक दिवस ती वाटी दिसेनाशी झाली.

"सातव्या मजल्याच्या बाईंनी लेखी तक्रार दिली," रामदास दुसऱ्या वॉचमनला सांगत होता. "वाटीमुळं मांजरं गोळा होत्यात म्हने. मी काय करनार? नोकरी हाय."

त्यानंतर पंधरा दिवसांत माझी दोन्ही भावंडं आजारी पडून गेली. मग एके सकाळी आई खाणं शोधायला गेली ती परतलीच नाही. मी एका स्कूटरच्या पायदानावर बसून राहिलो, कारण दुसरीकडे कुठे जायचं ते मला माहीत नव्हतं. ती स्कूटर श्रद्धाची निघाली, हे माझं नशीब.

श्रद्धा यवतमाळची. एका कंपनीत ती दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधते आणि त्याचा तिला पगार मिळतो. त्या दिवशी तिने लॅपटॉप घरी ठेवला, त्याच्या सॅकमध्ये मला बसवलं आणि थेट जनावरांचा दवाखाना गाठला. डॉक्टरांचं नाव आमोद. त्यांनी माझ्या रक्ताचा थेंब एका पांढऱ्या पट्टीवर टाकला. थोड्या वेळाने पट्टीवर दोन रेघा उमटल्या. मला त्या सुबक वाटल्या, पण श्रद्धाचा चेहरा पडला.

"मांजरांचा ल्युकेमिया, विषाणूमुळे होणारा," डॉक्टर म्हणाले. "आईकडून आला असणार. माणसांना होत नाही, काळजी नको. पण मांजराकडून मांजराला लाळेतून जातो. एका वाटीत खाल्लं, एकमेकांना चाटलं, की झालं."

"मग हा मरणार का, डॉक्टर?"

"आपण सगळेच मरणार आहोत. हा कदाचित जरा लवकर. पण नीट सांभाळलंत तर काही वर्षं मजेत काढेल."

नीट सांभाळणं म्हणजे काय, ते त्यांनी औषधाच्या चिठ्ठीमागे लिहून दिलं. एक, घरात दुसरं मांजर नको. दोन, खिडक्यांना जाळी हवी. तीन, बाहेर सोडायचं नाही, दार सदैव बंद. या तीन ओळींनी पुढे मला किती घरं नाकारली ते सांगतो.

पहिलं घर श्रद्धाचंच. तिसऱ्या मजल्यावर ती आणि भाग्यश्री मिळून भाड्याने राहायच्या. भाग्यश्रीची मिठी नावाची पांढरीशुभ्र मांजर होती, म्हणजे पहिल्याच ओळीत आम्ही नापास. माझी रवानगी बाथरूममध्ये झाली. तिथे मी दोन महिने राहिलो. बादली, मगा आणि मी. श्रद्धा ऑफिसमधून आली की पाटावर बसून माझ्याशी गप्पा मारायची, आणि बाहेर जाताना कोपरापर्यंत हात धुवायची. मिठी दाराच्या फटीतून पंजा घालायची. तिला खेळायचं होतं आणि मला तर फारच खेळायचं होतं. दीड महिन्याने माझं रक्त पुन्हा तपासलं, पुन्हा दोन रेघा. मध्ये एक छोटं ऑपरेशनही झालं. त्याबद्दल मी बोलणार नाही.

श्रद्धाने मांजरप्रेमींच्या ग्रुपवर माझा फोटो टाकला आणि खाली आजारासकट सगळं खरं लिहिलं. त्या दिवसांत तिच्या आईचा यवतमाळहून रोज फोन यायचा.

"आई, घर पाहून राहिली मी," श्रद्धा सांगायची. "एकुलता एक पाहिजे, वरच्या मजल्यावरचा पाहिजे."

"अवं, आम्ही तुझ्यासाठी पाहून राहिलो, अन् तू बोक्यासाठी पाहून राहिली!"

स्थळं आली, नाही असं नाही. वाघोलीहून एक जोडपं आलं. माझे इतके मुके घेतले की मी गुदमरलो. त्यांच्या घरी अकरा मांजरं होती. "अकरांत बारावा सहज मावेल हो," बाई डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या. श्रद्धाने त्यांना चहा दिला आणि नकार दिला. मग एक गृहस्थ आले. त्यांच्याकडे मांजर नव्हतं, पण घर तळमजल्यावर आणि दार सताड उघडं. "मांजर म्हटल्यावर चार घरं फिरणारच की," ते म्हणाले. म्हणजे चार घरची मांजरं आजारी पडणार. त्यांनाही नकार.

माझी अडचण अशी होती. ज्यांना मांजरं आवडतात त्यांच्या घरी आधीच मांजर असतं. ज्यांच्या घरी मांजर नसतं त्यांना मांजर नको असतं. मधलं कुणीच नव्हतं.

मग तो शनिवार उजाडला. श्रद्धा औषध घेऊन आत आली आणि दाराची कडी नीट लागली नाही. मी सुटलो. स्वयंपाकघरात मिठीची वाटी भरलेली होती. मी तिच्यात तोंड घालणार इतक्यात भाग्यश्रीने वाटी लाथेने उडवली. दाणे सगळीकडे पसरले. भाग्यश्री खाली बसून रडायला लागली. "मला तोही आवडतो गं," ती म्हणाली, "पण मिठीला काही झालं तर मी काय करू?" मला फार वाईट वाटलं. माझ्या जिभेत असं काही आहे, हे मला त्या दिवशी खऱ्या अर्थाने कळलं.

"पुढच्या रविवारपर्यंत बघ," शांत झाल्यावर भाग्यश्री म्हणाली. "आणि आजाराची ओळ काढ ना त्या पोस्टमधून. नंतर सांगू त्यांना सावकाश."

श्रद्धाने ओळ काढली. संध्याकाळपर्यंत चाळीस जणांनी मला मागितलं. माझा फोटो चांगलाच आला होता. श्रद्धा पाटावर बसून एकेक निरोप मला वाचून दाखवत होती. "आमच्या चिंगीला भाऊ मिळेल." "आमची तिघं वाटच बघताहेत." सहावा-सातवा निरोप वाचून झाल्यावर ती थांबली. "यांच्यातल्या कुणाची तरी मिठी मरेल, साखऱ्या," ती म्हणाली आणि तिने ती ओळ परत लिहिली. चाळीसच्या चाळीस जण गप्प झाले. त्या रात्री ती जेवली नाही, आणि मी तिच्या मांडीवरून हललो नाही.

सोमवारी तिने शेवटचा उपाय केला. डॉक्टरांच्या तीन अटी मोठ्या अक्षरांत कागदावर लिहिल्या, वर "आजारी बोक्यासाठी सुरक्षित घर हवे आहे" असं लिहिलं आणि तो कागद लिफ्टमध्ये चिकटवला. बुधवारी संध्याकाळी बेल वाजली. भाग्यश्रीने दार उघडलं. दारात मंदाकिनीबाई उभ्या होत्या, सातव्या मजल्यावरच्या. होय, त्याच.

मंदाकिनीबाई शाळेत गणित शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर गुडघ्यांसाठी लिफ्ट हवी म्हणून शनिवार पेठेतल्या दोन खोल्या सोडून एकट्या इथे राहायला आल्या. सोसायटीच्या तक्रारवहीतली निम्मी पानं त्यांच्या अक्षरांत आहेत. श्रद्धाला वाटलं, लिफ्टमधल्या कागदाबद्दल बोलायला आल्या असतील.

"काकू, सॉरी, आत्ता काढते तो कागद."

"काढावाच लागेल. अटी वाचल्या मी," बाई म्हणाल्या. "घरात दुसरं मांजर नसावं. नाही. खिडक्यांना जाळी असावी. कबुतरांपायी मी सगळ्या घराला जाळ्या मारून घेतल्यात, बाथरूमच्या झरोक्यालासुद्धा. दार सदैव बंद असावं. माझं दार कसं असतं, ते तुमच्या सोसायटीला विचारा. तिन्ही अटी पूर्ण होतात. मग माझ्याकडे कुणी विचारायला का आलं नाही?"

श्रद्धा चाचरली. "पण काकू... तुम्हाला मांजरं आवडत नाहीत ना?"

"नाहीच आवडत. पण आवडलं पाहिजे, अशी अट यात कुठे लिहिलीय?"

श्रद्धाने कागदाकडे पाहिलं. खरंच लिहिलेलं नव्हतं.

रविवारी मी सातव्या मजल्यावर गेलो. बाईंनीही अटी घातल्या, आणि त्या मला उद्देशून घातल्या. "ओट्यावर चढायचं नाही. एक ते चार आवाज करायचा नाही. आणि उगाच लाडात यायचं नाही." बाई मला आजही अहोजाहो करतात. "आपण उठलात वाटतं? उपकार झाले," ही आमच्या घरातली सकाळ. मला हे आवडलं. मुके घेणाऱ्यांपेक्षा ही भाषा मला जास्त कळते.

आमचं जमलं ते कबुतरांमुळे. जाळीबाहेरच्या कठड्यावर ती येऊन बसायची, आणि बाई आतून काठी आपटून दमायच्या. दुसऱ्याच दिवशी मी खिडकीत चढलो, शेपटी फुगवली आणि माझ्या आईने शिकवलेलं सगळं बोलून घेतलं. अर्ध्या मिनिटात कठडा रिकामा. बाईंनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "हं," त्या म्हणाल्या. त्या दिवशी मला खाणं दीडपट मिळालं.

सहा महिन्यांनी मला ताप भरला. खाणं सुटलं, हिरड्या पांढऱ्या पडल्या. बाई दोन-दोन तासांनी ताप मोजायच्या आणि आलेखाच्या कागदावर टिंबं द्यायच्या. चौथ्या दिवशी मला आणि तो कागद घेऊन त्या दवाखान्यात आल्या. सलाइन लावताना आमोद डॉक्टर म्हणाले, "या आजाराची मांजरं बहुधा दोन-तीन वर्षं काढतात. मनाची तयारी असू द्या."

"बहुधा म्हणजे नक्की नव्हे," बाई म्हणाल्या. "अडतीस वर्षं हेच शिकवलंय मी." मग त्यांनी आलेखाच्या कागदाची घडी घातली. "डॉक्टर, याच्या आईची वाटी हलवायला मी लावलं होतं. दोन पिल्लं गेली म्हणे."

"ती आजाराने गेली असणार. वाटी असती तरी वाचली नसती."

"ते असू द्या," बाई म्हणाल्या. "वाटी असायला हवी होती." बोलताना त्यांचा हात माझ्या पाठीवर होता. तो पहिल्यांदाच तिथे आला होता. माझ्या अंगात त्राण नव्हतं, तरी मी घुरघुरून घेतलं.

सहाव्या दिवशी मी चार घास खाल्ले. ते ओट्यावर बसून खाल्ले, आणि कुणीही काही बोललं नाही. त्याच आठवड्यात पंपाच्या खोलीमागे नवी वाटी आली. बाई रोज स्वतः खाली जाऊन ती भरतात आणि वर आल्यावर कोपरापर्यंत हात धुतात. त्याविरुद्ध कुणीतरी तक्रारवहीत लिहिलं, तेव्हा बाईंनी खाली तीन पानी उत्तर लिहिलं. रामदास म्हणतो, त्यानंतर वहीच गायब झाली.

या गोष्टीला चार वर्षं झाली. अधूनमधून ताप येतो, दाढा दुखतात, पण दोन-तीन वर्षांचा हिशेब मी केव्हाच मागे टाकलाय. बाकी मजेत आहे. श्रद्धा दर रविवारी येते, आधी हात धुते, मग मला घेते. गेल्या रविवारी तिने विचारलं, "काकू, आता तरी मांजरं आवडायला लागली का?"

"नाही," बाई म्हणाल्या.

तेव्हा मी त्यांच्या मांडीवर झोपलो होतो. आतल्या खोलीत फोन वाजत होता.

"काकू, फोन."

"वाजू दे. हा झोपलाय."

मी जागाच होतो. पण डोळे उघडले नाहीत, कारण त्यांच्या पायाला मुंग्या आल्या होत्या आणि तरी त्या हलत नव्हत्या. असं सुख मोडायला मी काही वेडा नाही.

आता माझं काम सांगतो आणि थांबतो. आमोद डॉक्टरांच्या दवाखान्यात वरच्या पिंजऱ्यात एक काळीपांढरी पोर आहे. तिच्याही पट्टीवर दोन रेघा आल्यात. तिला बघायला येणाऱ्या सगळ्यांच्या घरी मांजरं आहेत. "आपल्याकडे येईल का ती?" असं श्रद्धाने विचारून पाहिलं. "पहिली अट वाच," बाई म्हणाल्या, आणि खरं सांगायचं तर माझंही तेच मत पडलं.

म्हणून तुमच्याशी बोलतोय. तुमच्या घरी मांजर नाही, खिडक्यांना कबुतरांची जाळी आहे, आणि दार तुम्ही सहसा कुणाला उघडत नाही. मग एकदा त्या पिंजऱ्यापाशी जाऊन या. ती तुम्हाला आवडली पाहिजे, अशी काही अट नाही.