१९११चा मेहुणा

माझं काँट्रॅक्ट जूनमध्ये संपत होतं. ते वाढलं नाही तर इथे राहून काम करायचा पास जाणार, पास गेला की बुकित बातोकचा फ्लॅट जाणार, आणि मग पुण्यात नातेवाइकांना 'सुट्टीवर आलेय' असं सांगत बसायचं. म्हणून आमच्या लॉ स्कूलचे व्हाइस डीन मनोहर सर म्हणाले, "निहारिका, फॅकल्टीसमोर एक सेमिनार दे, मग समिती तुझं ठरवेल," तेव्हा त्यांच्या पाया पडावंसं वाटलं मला.

विषय माझ्या संशोधनातलाच घेतला. १९११ साली एका लहानशा संस्थानातलं लॉ कॉलेज. तिथे पुरावा कायदा कोणी शिकवायचा यावरून दोन प्राध्यापकांची जुंपली. दोघंही हटेनात, म्हणून वर्षभर तो कुणीच शिकवला नाही. पोरं तशीच परीक्षेला बसली आणि ओळीने नापास झाली. शेवटी प्रिन्सिपॉलनी समिती नेमली. त्यात भांडणारे दोघे, आणि तिसरा प्रिन्सिपॉलचा मेहुणा!

सुरुवातीला काय हशा पिकला! मी पण चेकाळले, आणखी रंगवून सांगायला लागले. मग एकाएकी हसणं थांबलं. प्रोफेसर तान आणि प्रोफेसर ओंग एकमेकांकडे बघेनात. सर नुसते चष्मा पुसत राहिले.

बाहेर पडते तोच तान यांनी गाठलं. "ओंगनी सांगितलं ना तुला?" त्यांच्या मागोमाग ओंग. "तानच बोलला असणार!" तेव्हा मला कळलं की यंदा एआय-कायद्याचा कोर्स दोघांनाही हवा होता, म्हणून तो बंदच ठेवलाय. आणि सरांचे मेहुणे धैर्यशील गेल्याच महिन्यात इथे रुजू झालेत. देवाशपथ, मला यातलं काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं! दिवसभर जुन्या कागदांत बसणाऱ्या बाईला कोण सांगतंय? पण म्हणतात ना, चोराच्या मनात चांदणं.

मी सरांच्या केबिनमध्ये धावले. "अहो सर, १९११ आहे ते! ती माणसं केव्हाच मेलीत!"

"ते खरं गं," सर कळवळून म्हणाले, "पण निदान त्या मेहुण्याच्या जागी भाचा तरी करायचास!"

समिती जाहीर झाली. तान, ओंग आणि धैर्यशील. मला तर रडूच फुटलं. त्यातल्या त्यात एकच आशा होती, की तान आणि ओंग यांचं आजवर कशावरच एकमत झालेलं नाही. माझ्या बाबतीत पहिल्याच बैठकीत झालं.

सर कौतुक इंग्रजीत करतात आणि वाईट बातमी मराठीत देतात. कँटीनमध्ये चहाचा कप माझ्यापुढे सरकवून ते म्हणाले, "हे बघ बाळ..." मी मनातल्या मनात बॅगा भरायला घेतल्या.

"काम उत्तम आहे असं तिघांनीही लिहिलंय," सर म्हणाले.

"मग अडलं कुठे?"

"त्यांचं म्हणणं असं पडलं, की या विषयाचा आजच्या काळाशी काही संबंध नाही."