नखाला लागणारा चुना

बारवेच्या सातव्या पायरीवर शितलनं दोन दगडांमधल्या सांध्याला अंगठ्याचं नख लावलं. ओरखडा उठेना. तिच्या डोक्यात सणक गेली.

चुना आठ-आठ दिवस नखाला लागतो, श्वास घेत घेत वाळतो. हे एका रात्रीत टणक झालं होतं. वरून चुन्याचा रंग फासलेला, आत सिमेंट. काल ती हिंगोलीला गेली, तेवढ्यात कुणीतरी डाव साधला.

जुन्या दगडी वास्तू जपायचं शिक्षण घेणारी तांड्यावरची ही पहिली पोर. शेवटचे सहा महिने जवळा बाजार गावाजवळच्या या बारवेवर. इथल्या कामावर देखरेख करणाऱ्या देविदास साहेबांनी शेरा दिला तरच प्रमाणपत्र.

काठावरच्या हौदात चुना महिनाभर मुरत होता. बेलफळाचं पाणी, गूळ, वर ओलं पोतं. कोंडीबा मिस्त्री ते पोतं रोज हळूच उचलून बघायचे, झोळीतलं लेकरू बघावं तसं.

"काका, तुमी होते ना काल?"

"मला साहेबानं दुपारीच घरी धाडलं, लेकी."

शितल तरातरा पायऱ्या चढली. "साहेब, हे काहून केलं?"

"सोमवारी पाहुणे येऊन राहिले. तुझा चुना वाळेपर्यंत थांबतील व्हय? दिसायला तर बराबर तेच हाय."

"सांधा बुजला की पाणी दगडातच कोंडतं. दोन पावसाळ्यांत पापुद्रे निघतील!"

"बघा, तांड्यावरची पोर दगडाची डॉक्टरीण झाली!" देविदास हसला. त्यानं कामाची वही पुढं सारली. "लिही, सांधे चुन्यानं भरले. खाली सही कर. लगेच तुझा शेरा लिहितो."

शितलनं पेन घेतला. ठळक अक्षरात लिहिलं, 'पायरी सातवी ते बारावी, सिमेंट. काढून टाकावं.' खाली सही, पूर्ण नावानं: शितल उत्तमसिंग राठोड. मग मोबाईलमध्ये त्या पानाचा फोटो काढला.

देविदासचं हसू गळालं. "शेरा मिळायचा न्हाई, सांगून ठेवतो."

"नका देऊ. सहा महिने दगडाची नाडी बघायला शिकले, अन् त्याच्या गळ्याला फास लावून सही करू?"

छिन्नी-हातोडी घेऊन ती खाली उतरली. मागोमाग कोंडीबा, गुडघे धरत.

"हळू, लेकी. आत कच्चं हाय अजून. दगडाला लागू देऊ नको."

पहिला तुकडा निघाला. आतल्या दगडावर तिनं तळहात ठेवला. ताप उतरताना कपाळ भिजावं, तसा तो ओला होता.

"काका," ती म्हणाली, "हौदावरचं पोतं उचला."