उत्तमही हसला

१९९४ साली बाळकुमच्या देवळाच्या सभामंडपात हेमलता भोईरचा सत्कार होता. डॉक्टरेट मिळवणारी गावातली ती पहिलीच मुलगी. पुढच्या रांगेत आई भागीरथी आणि थोरला भाऊ उत्तम बसले होते. उत्तम जन्मापासून बहिरा. आई त्याला सगळं खुणांनी सांगत होती.

हेमलता आपलं संशोधन सोपं करून सांगत होती. अंड्यातल्या पिल्लाचा कान आधी बारीक पिशवीसारखा असतो. काही द्रव्यं वाढीचा निरोप आणतात. पेशींवरचे रिसेप्टर तो निरोप घेतात, तेव्हा कुठे आतला कान घडतो.

"आणि निरोप घेतलाच नाही तर?" कुणीतरी विचारलं.

"मग काय, डिफेक्टिव्ह माल!" हेमलता म्हणाली.

सगळे हसले. ते हसताहेत म्हणून उत्तमही हसला, टाळ्या वाजवू लागला. आईचे हात मात्र मांडीवरच राहिले. काय म्हणाली, असं तो खुणेने विचारत राहिला.

कार्यक्रम संपल्यावर आई हेमलताजवळ आली. "तूच सांग गं त्याला. माझ्याच्यानं नाय होत."

थाप मारणं सोपं होतं. पण हेमलताने त्याच्या कानाकडे बोट दाखवलं, फेकून द्यायची खूण केली आणि खाली मान घालून हात जोडले.

उत्तमला कळायला वेळ लागला. मग त्याने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, ओठ फाकवून दाखवले. मीपण हसलो?

तिने मानेनेच हो म्हटलं.

तो आईचा हात धरून पायऱ्या उतरून गेला. शाल पांघरलेली हेमलता तिथेच उभी राहिली, आणि लोक येऊन तिचं अभिनंदन करत राहिले.