गंधक शून्य

प्रेमराजने नळी तिसऱ्यांदा हलवली. लाल रंग तिसऱ्यांदाही उडाला. पाण्यात फ्लोराइड जितकं जास्त, तितका रंग फिका. पद्धत इतकी सोपी, की त्याचा विश्वास बसेना.

नरडाण्याच्या कारखान्यात तो रोज बॉयलरचं पाणी तपासायचा. आज जेवणाच्या सुट्टीत आईच्या कॅनमधलं पाणी तपासायला घेतलं होतं. आई, भिकुबाई, दर शनिवारी एसटीने सातपुड्याच्या पायथ्याच्या गरम कुंडावर जाऊन तो कॅन भरून आणायची आणि आठवडाभर तेच प्यायची. गुडघ्यांसाठी, असं घरात सगळे समजून होते. त्यात गंधक किती, एवढंच तिला शेजारच्या शेवंताबाईला ऐकवायचं होतं.

गंधक नव्हतंच. फ्लोराइड लिटरला सहा मिलिग्रॅम. दीडच्या वर पिऊ नये. कधीकाळच्या लाव्ह्याच्या खडकात खोल उतरलेलं पाणी तापून वर येताना नको ते बरोबर घेऊन येतं. वर्षानुवर्षं प्यायलं, तर सांधे आखडतात. म्हणजे दुखण्यावर पाणी, की पाण्यामुळे दुखणं? त्याने कागदावर दोन बाण काढले. दोन्ही बरोबर दिसत होते.

संध्याकाळी दोंडाईच्याला घरी येताच त्याने विचारलं,

"माय, पहिले गुडघा दुखनात, का पहिले पाणी चालू करं?"

"पाणी." भिकुबाई भिंतीला धरून उठली. "तवय कुंडना पायऱ्या धावत चढू मी."

"मंग कसाले चालू करं?"

"तुनासाठे. केमिस्ट्रीमा दोनदा नापास व्हयना तू. कुंडना देवले नवस बोलनू, पोऱ्या पास होऊ दे, तुनं पाणी सोडाव नही."

तो पास झाला होता. छप्पन टक्के.

"माय, ते पाणी बंद कर. वाईट शे."

"कोन सांगस?"

"मीच. तपासं ना आज."

"वाईट व्हतं, ते तू पास कसा व्हयना?"

प्रेमराजने कागद उलटा करून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

भिकुबाई लंगडत खुंटीपाशी गेली. बारावीतल्या नातीच्या, ऋतिकाच्या दप्तरातून तिने सकाळी स्वतःच भरून दिलेली कुंडाच्या पाण्याची बाटली काढली आणि मोरीत ओतून दिली, शेवटच्या थेंबापर्यंत.

"पोरगीनासाठे आजून नवस नही बोलनू मी," ती म्हणाली. "मना नवस बोलेल शे."

आणि कॅन तिरका करून तिने आपला पेला भरला.